उजव्या सोंडेचा फोटो

जयसिंगला वेबसाइटचं वेड लागलं दोन हजार सहा साली. त्याआधी तो बिचारा लग्नपत्रिका छापून सुखात होता. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तालमीच्या समोर, पहिल्या मजल्यावर त्याचं 'शुभमंगल डीटीपी'. एकदा पुण्याला मेव्हण्याकडं गेला, तिथं कुणाची तरी वेबसाइट बघितली आणि परत आल्या आल्या पेंटर बोलावून बोर्डच बदलला. 'शुभमंगल वेब सोल्युशन्स'! आता वेबसाइट म्हणजे फोटो पाहिजेत, चित्रं पाहिजेत, मजकूर पाहिजे आणि ते सगळं एकमेकांशेजारी शोभलं पाहिजे. ह्या बहाद्दराला तर फोटोशॉप उघडलं की बंद कसं करायचं ते शेजाऱ्याला विचारावं लागायचं. म्हणून त्यानं क्रांतीला कामावर घेतलं.

क्रांती उचगावची. वडील बुद्धभूषण कांबळे, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. पोरीनं कमर्शियल आर्ट शिकायचं म्हटल्यावर भावकीतल्या सगळ्यांनी नाकं मुरडली होती, पण वडील मागं उभे राहिले. ती कामाला पक्की होती आणि तोंडानं फटकळ. "दादा, लोक वाचत न्हाईत, बघत्यात," हे जयसिंगला दिवसातनं एकदा तरी ऐकवायची. "आधी फोटो धरतोय माणसाला, मग मजकूर." जयसिंग मान डोलवायचा. पगार वेळेवर द्यायचा, चहा सांगताना तिला आधी विचारायचा. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचा राग येणार आहे.

पिराजी कुंभार हे त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. कुंभार गल्लीत त्यांचा मूर्तींचा कारखाना. वडिलांपासून शाडूच्याच मूर्ती, आणि सगळ्या डाव्या सोंडेच्या. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळणं म्हणजे काय खायचं काम नव्हे, म्हणून त्यांच्या घराण्यात तो घडवतच नाहीत. गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नाही. पण इंटरनेटवरनं परगावचं गिऱ्हाईक येणार, म्हणून पिराजीमामांनी ते मजकुरात घालायला लावलं आणि क्रांतीनं ते जसंच्या तसं टाइप केलं.

फोटोही तिनंच काढला. मूर्ती देखणी होती, मान किंचित वळलेली. अडचण एवढीच, की ती मान पडद्याच्या उजवीकडं वळलेली आणि मजकूर डावीकडं. गणपती आपला मजकुराकडं पाठ करून पानाबाहेर बघतोय! क्रांतीला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की चित्रातल्या चेहऱ्यानं मजकुराकडं बघायला पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याची नजरही तिकडंच जाते. तिनं फोटो उलटवला, आरशात दिसावा तसा. गणपती आत बघायला लागला, पान कसं एकदम जमून आलं. बॅनर आडवा होता, त्यामुळं मूर्ती छातीपर्यंतच घेतली, खालचे हात कापले गेले.

मजकुरात 'डाव्या सोंडेची मूर्ती' असं लिहिलंय, हे ती विसरली नव्हती. तिनं मुद्दाम ताडून बघितलं. पडद्यावर सोंड डावीकडंच गेलेली दिसत होती. झालं की मग! डावी म्हणजे बघणाऱ्याची डावी नव्हे, देवाची स्वतःची डावी, हे तिला कोण सांगणार होतं? आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हापासून तिच्या घरात गणपती बसत नाही. आरत्या तिच्या कानावरनं गेलेल्या, मूर्ती रस्त्यावर बघितलेल्या, पण सोंडेकडं कशाला कोण बघतंय?

बरं, तिचं सोडा. जयसिंगच्या घरी पिढ्यान् पिढ्या गणपती. तो फोटो बघून म्हणाला, "आयला, जिवंतच वाटतोय की!" मग पिराजीमामा स्वतः आले. चष्मा धोतराला पुसून पडद्याला नाक लावून बसले. आपलं नाव वाचलं, फोन नंबर वाचला, पडद्यावरच्या गणपतीला हात जोडले आणि डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "झकास केलंईस बघ पोरी," म्हणाले. ज्या माणसानं स्वतःच्या बोटांनी ती सोंड वळवली होती त्यालाही ती उलटी झालेली कळली नाही. खाली जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी कंदी पेढे आणले.

चतुर्थी आठवड्यावर आली आणि दुबईहून मेल आला. आदर्श नावाच्या एका मुलाचा. त्यानं महिन्यापूर्वी वेबसाइटवर बघून मूर्ती ठरवली होती. लिहिलं होतं, 'मूर्ती न्यायला वडील गणपतराव गारगोटीहून येतील. फोटोतलीच, उजव्या सोंडेची द्यावी. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आईनं उजव्या सोंडेचा गणपती बसवीन म्हणून नवस बोलला होता. बाकी कोणी तसा करून द्यायला तयार नव्हतं. तुमच्याकडं फोटो दिसला आणि आईला रडू आलं.'

क्रांतीनं मेल दोनदा वाचला. उजव्या सोंडेची? मजकुरात तर डावी लिहिलीय, पण लोक वाचत नाहीत, बघतात, हे तीच म्हणायची ना? तिनं मूळ फोटो उघडला, उलटवलेला शेजारी ठेवला आणि तिला कळलं, देवाच्या बाजूनं धरलं तर सोंड उजवी झालीय.  कुणाचा तरी मुलगा मरता मरता वाचलाय, त्याच्या आईचा नवस आहे, आणि मी काय करून बसले हे?

"दादा, हिकडं या जरा."

जयसिंगनं बघितलं. आधी त्याला कळेना, मग कळलं आणि त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल तर उठून दार लावून घेतलं.

"कुणाला बोललीस न्हाईस न्हवं?"

"न्हाय. पण आता त्यान्ला कळवायलाच पायजे. मी फोटो फिरवला म्हणून सरळ लिवूया. अजून आठ दिस हाईत, ते दुसरीकडं बघतील तरी."

"तू फिरवलास असं लिवायचं न्हाय," जयसिंग हळू आवाजात म्हणाला. "अगं, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

त्यानं टेबलावरचा माउस उगीच इकडचा तिकडं केला. पण क्रांती काय कुक्कुलं बाळ होती? लोक काय म्हणतील ते तिला शब्दासकट ठाऊक होतं. ह्यांच्यात देव मानत न्हाईत, म्हणून मुद्दाम केलं. असं एकदा का कोल्हापुरात झालं, की ह्या दुकानातच काय, पेठेत कुठल्याच दुकानात तिला कुणी कॉम्प्युटरला हात लावू दिला नसता. आणि वडिलांच्या कानावर गेलं असतं ते वेगळंच. 

पिराजीमामांना सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. नवी मूर्ती? कशी करणार? हवेत ओल, शाडू वाळायचा नाही. वाळला तरी उजवी सोंड ह्या हातानं वळवायची नाही, हे त्यांनी बापाला दिलेलं वचन. शेवटी ठरलं, की मेल करून खरं कळवायचं. "मी करतो," जयसिंग म्हणाला. "तू पडू नको त्यात." क्रांतीनं तेवढ्यात फोटो सरळ करून टाकला आणि रोज विचारत राहिली, "मेल गेला न्हवं, दादा?" रोज उत्तर यायचं, "व्हय गं, किती इचारशील?"

हरतालिकेदिवशी सकाळीच पिराजीमामांचा फोन आला. गारगोटीवरनं गणपतराव निघालेत, मूर्ती न्यायला, उजव्या सोंडेची! "जयसिंग, तुम्ही फोटोवाले दोघंबी हितं या. मी एकटा तोंड देणार न्हाय, आधीच सांगतो."

"मेल केलासा न्हवं तुम्ही?" क्रांतीनं जिन्यातच गाठलं त्याला.

"करणारच होतो गं. शब्दच जुळंनात." जयसिंगच्या कपाळावर घाम. "तू गप बस तिथं. मी बघतो."

क्रांतीला इतका संताप आला, की जिन्यातनंच परत फिरावं वाटलं. पण न जाऊन कसं चालेल? आपण केलेल्या चुकीची शिक्षा त्या म्हाताऱ्या कुंभारानं का भोगावी? शेवटी गाडीवर मागं बसली.

कुंभार गल्लीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी वाजतेय, पोरं गुलालानं लाल झालेली, जो तो आपली मूर्ती डोक्यावर घेऊन 'मोरया' म्हणत निघालाय. पिराजीमामांच्या कारखान्यात एका पाटावर गणपतरावांची मूर्ती ठेवली होती, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तोंडावर लाल रुमाल टाकून. क्रांतीची नजर त्या रुमालावरनं हटेना. एवढासा कपडा, पण तो उचलला की संपलं.

गणपतराव आले. उंच, पांढऱ्या मिशा, फेटा बांधून आलेले. बरोबर जीपचा ड्रायव्हर. नारळ, पानसुपारी, हळदकुंकवाचा करंडा सगळं घरून आणलेलं. "काय पावणं, तयार हाय न्हवं आमचा द्येव?" म्हणाले ते इतक्या आनंदानं, की पिराजीमामांना त्यांच्याकडं बघवेना. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पुढं होऊन रुमाल उचलला.

बघतच राहिले. वाकून बघितलं, बाजूनं बघितलं.

"ही डावी सोंड हाय."

"व्हय," पिराजीमामा म्हणाले.

"फोटोत उजवी होती! माझ्या पोरानं दुबईतनं फोटो धाडलाय मला, हे बघा!" त्यांनी खिशातनं प्रिंट काढली, चारचौघांपुढं धरली. "ही फसवणूक न्हाय तर काय हाय ओ? माझी मंडळी आज सकाळधरनं उपाशी बसलीया. तिला मी काय सांगू? पोराच्या जिवाचा नवस हाय ह्यो!" आवाज चढला तशी हलगी थांबली. मूर्ती न्यायला आलेली माणसं दाराशी गोळा झाली. कोण म्हणालं काय झालं, कोण म्हणालं फसवलं म्हातारबाला. ड्रायव्हर बाह्या सावरून पुढं झाला. "पेपरात देतो बघा तुमचं नाव! कुणी काढलाय ह्यो फोटो?"

 पिराजीमामांनी जयसिंगकडं बघितलं. जयसिंगनं जमिनीकडं.

"मी," क्रांती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मीच काढला आणि मीच उलटा केला, काका. मजकुराकडं तोंड यावं म्हणून. सोंड बदलंल हे मला कळलं न्हाय. चुकलं माझं."

गणपतरावांनी तिला वरनं खाली बघितलं. "कळलं न्हाय? गणपतीची सोंड कळत न्हाय म्हणजे? कुणाची गं तू? आडनाव काय?"

आलं! जे यायचं होतं ते आलं. गल्लीत शंभर माणसं, सगळ्यांचे कान तिच्याकडं. तिनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी जयसिंगच बोलला.

"पाटील," तो म्हणाला. "पाटलांची पोर हाय ओ. उचगावची. नवीन हाय कामात."

क्रांतीनं झटकन वळून बघितलं. जयसिंगच्या चेहऱ्यावर आख्खी विनवणी होती. गप बस, म्हणत होता तो चेहरा, बाई, दोन मिनिटं गप बस.

आणि खरंच की हो, जादू व्हावी तसं झालं. गणपतरावांचे खांदे खाली आले. "पाटील व्हय?" मिशीवरनं हात फिरवला. "उचगावात गुंडू पाटील, ते कोण तुझं?"

आता आपल्याकडं माणूस भेटलं की पाहुणं-रावळं शोधल्याशिवाय पुढचा श्वास घ्यायचा नाही, ही रीतच आहे. जयसिंग एका खोट्यात अडकला होता, तो दुसऱ्यात शिरला. "चुलतं," म्हणाला.

"आरं, मग पावणीच की आमची! आमची चुलतबहीण दिलीया त्या घरात!" गणपतराव दाराशी जमलेल्या माणसांकडं वळले. "जावा ओ, जावा आपापल्या कामाला. काय न्हाय झालं. ल्हान हाय पोर, चुकतंय माणूस." मग मूर्तीला हात जोडले. डोळे पाणावले. "कुणी सांगावं? ह्याच्याच मनात डावा असंल. आमच्या घरात कडक सोवळं कोण पाळणार, दोन म्हातारी माणसं आम्ही. त्यानंच हिच्या हातनं फोटो फिरवून घेटला आसंल. मी सांगतो मंडळीला तसं. देवानंच फिरवला म्हणतो."

पिराजीमामांनी डोळे मिटून घेतले. जयसिंगनं खिशातनं रुमाल काढून मान पुसली. सुटलो! सगळ्यांच्याच जिवात जीव आला. क्रांतीच्याही, खोटं कशाला बोलायचं?  मूर्ती जाणार होती, पिराजीमामांची इज्जत राहिली, तिची नोकरी राहिली. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. तेवढं तर कुणालाही जमतं.

पण तिच्या मनातनं एक गोष्ट जाईना. चूक तीच, फोटो तोच, ती उभी होती तीच जागा. आणि ही जी माया आत्ता ह्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत उतरली होती, ती तिच्यासाठी नव्हतीच. उचगावच्या कुठल्या तरी पाटलाच्या पोरीसाठी होती, जी जगात नाही. 

"ये गं पोरी," गणपतराव म्हणाले आणि करंडा तिच्यापुढं धरला. "तूच हळदीकुंकू लाव देवाला. पावण्याची लेक हाईस, तुझ्या हातानं निघू दे. मनात काय ठेवू नको."

करंडा पुढं आलेला. जयसिंग डोळ्यांनी सांगत होता, लाव, लाव लवकर. क्रांतीला वडील आठवले. एकदा वर्कशॉपात साहेबानं पूजेला बसायला सांगितलं तेव्हा, "साहेब, मशीन पुसून देतो चकाचक, पण पूजा मी करत नाही," असं सरळ तोंडावर सांगून आलेले. घरी येऊन त्याचं कौतुकही केलं नव्हतं त्यांनी, जेवले आणि झोपले.

"मी न्हाय लावत, काका," ती म्हणाली. "आमच्यात न्हाय करत. मी पाटील न्हाय. कांबळे. क्रांती बुद्धभूषण कांबळे."

"क्रांती!" जयसिंग ओरडला.

गणपतरावांचा करंड्याचा हात तसाच मागं आला. चेहरा बघता बघता दगड झाला. "म्हणजे..." ते म्हणाले. "म्हणजे मुद्दाम. द्येव मानत न्हाईसा तुम्ही, म्हणून मुद्दाम केलंस तू ह्ये! माझ्या पोराच्या नवसाशी खेळलीस व्हय गं?"

ड्रायव्हर पुढं आला. दाराशी पांगलेली माणसं पुन्हा वळली. क्रांती घाबरली नव्हती असं नाही. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं. पण ती जागची हलली नाही.

"काका, तुमचा मुलगा वाचला, मला बरंच वाटलं. तुमच्या घरच्यांना रडू आलं हे मेलमधी वाचल्यापासनं माझ्या पोटात अन्न न्हाय. चुकलं ते चुकलं, शंभरदा म्हणते. पण एक सांगा मला. आत्ता, ह्याच जागंवर, मी पाटील होते तवर फोटो देवानं फिरवला म्हणालासा. कांबळे झाले तर मी मुद्दाम फिरवला? एवढ्यात देवाचं मन बदललं व्हय?"

 लांब कुठं तरी पुढच्या चौकात हलगी वाजत होती तेवढीच.

"मीबी बघितलाय तो फोटो," पिराजीमामा एकदम म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "ही सोंड माझ्या बोटानं केल्याली, आन् मी हात जोडलं त्या उलट्या फोटोला. मला कळलं न्हाय. मग मीबी मुद्दाम केलं म्हणा की! म्हणा माझ्या तोंडावर!"

 गणपतरावांनी पिराजीमामांकडं बघितलं, मूर्तीकडं बघितलं. हातातल्या प्रिंटची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. ते काही क्रांतीची माफी मागणारे नव्हते आणि त्यांनी मागितलीही नाही. पण 'देवानंच फिरवला' हे आपणच म्हटलेलं चारचौघांसमोर परत गिळायचं, तेही त्यांच्यानं झालं नाही. शेवटी स्वतःच मूर्तीपुढं वाकले, स्वतःच्या बोटानं हळदीकुंकू लावलं, रुमाल टाकला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "उचल. दमानं."

जीप गल्लीच्या तोंडाला गेली तशी हलगी पुन्हा सुरू झाली. पिराजीमामा आत जाऊन माठाजवळ बसले. जयसिंग क्रांतीच्या मागं मागं रस्त्यापर्यंत आला.

"तुझ्यासाठीच बोललो गं मी," तो म्हणाला.  "शपथ घेऊन सांगतो. तुला वाचवायला म्हटलं पाटील."

क्रांतीनं ओढणीनं तोंड पुसलं.

"मला कुठं वाचवलंसा, दादा? त्या पाटलाच्या पोरीला वाचवलंसा. माझं नाव घ्यायचं तुम्हालाच भ्या वाटलं."

 जयसिंग गाडीची किल्ली हातात धरून उभा राहिला, आणि ती उचगावच्या बसकडं चालत गेली.